निळी टाकी, काठोकाठ

माझ्या भावाच्या, सुनिलच्या हातात लहानपणी काही द्यायची सोय नव्हती. दिलं की तो ते वाजवायचा. ताट, पत्रा, कोंबड्यांचं खुराडं, एकदा तर झोपलेल्या बाबांचं टक्कल. शाळेत गुरुजींनी सगळ्यांना विचारलं, मोठेपणी कोण होणार? कुणी ड्रायव्हर म्हणालं, कुणी पोलीस. हा म्हणाला, ढोल. ढोलवाला नाही हो, ढोल. गुरुजींनी पाठीत धपाटा घातला, तर म्हणतो, आवाज बरा आला.

आता तो तीस वर्षांचा आहे. डहाणूला फुग्यांच्या कारखान्यात दिवसपाळी करतो आणि लग्नसराईत कीबोर्ड वाजवतो. एका हळदीला मुंबईहून आलेल्या कुणा पाहुण्याने त्याला सांगितलं, तू वाजवतोस त्याला सिंथपॉप म्हणतात. झालं! आठ दिवसांत स्पीकरवरच्या कापडावर हे मोठ्ठं नाव आलं, 'सुनिल सिंथपॉप पार्टी'. पार्टीत माणूस एकच, तो स्वतः. स्पीकर माझ्या नवऱ्याच्या, मिथुनच्या इको गाडीतून जातात, म्हणून मिथुनलाही तो पार्टीत धरतो. मिथुनला सूर आणि भोपळा यातला फरक कळत नाही, पण गाडी छान चालवतो.

मी निर्मला. अंगणवाडीत मदतनीस आहे. माझं माहेर आणि सासर एकाच पाड्यात, मधे फक्त एक चिंच. त्यामुळे भावाचा प्रत्येक उपद्व्याप मला घरबसल्या पोचतो. हे लोक म्हणतात मी तोंडाळ आहे. असेन. पण त्या टाकीच्या भानगडीत शेवटी तोंड माझंच उपयोगी पडलं, ते विसरू नका.

तर टाकी. आमचा पाडा गंजाडहून आत, डांबरी संपते तिथून पुढे. पाड्याच्या तोंडाशी चार बुटक्या खांबांवर निळी टाकी उभी आहे. अकरा वर्षांपूर्वी नारळ फुटला, पेढे वाटले, टाकी झाली, टाकीखाली नळ लागला, नळाला लाल रंगसुद्धा दिला. पाणी तेवढं यायचं राहिलं. पाइप अर्ध्या वाटेपर्यंत आला आणि ठेकेदार जो गेला तो गेलाच. पण टाकीने आम्हाला काही दिलं नाही असं मी म्हणणार नाही. दुपारी शेळ्यांना सावली दिली. पाहुण्यांना पत्ता दिला, टाकीपासून डावीकडे. मोबाइलची रेंज पाड्यात फक्त टाकीवर चढल्यावर येते, तीही तिनेच दिली. पाण्याखेरीज सगळं दिलं बिचारीने. पाणी आम्ही बायका विहिरीवरून आणतो. विहीर उतारावर आहे. जाताना उतार, येताना चढ, म्हणजे हंडा रिकामा तेव्हा सोपं आणि भरलेला तेव्हा अवघड. देवाने रस्ता उलटा घातला असता तर त्याचं काय जात होतं, कोण जाणे.

आमचे बाबा, काकड्या, तारपा वाजवतात. वाळलेला दुधी आतून कोरायचा, खाली बांबूच्या नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा भोंगा. ते मधे उभे राहून फुंकतात आणि पाडा भोवती फेर धरतो, पण तारप्याला पाठ दाखवून कुणी नाचत नाही. बाबा दुधी निवडतात तेव्हा प्रत्येकाला टिचकी मारून कान लावतात. आत एक बी राहिली तरी आवाज मरतो म्हणतात. सुनिलने कीबोर्ड आणला त्या दिवशी बाबांनी त्यालाही टिचकी मारली, कान लावला आणि शेळ्या सोडायला निघून गेले. फुंकावं लागत नाही त्याला ते वाद्य म्हणत नाहीत. बापलेक सहा वर्षं एका घरात वाजवत होते, पण एकत्र कधीच नाही.

आणि मग ते गाणं. दरवर्षी लग्नसराईच्या आधी सगळे पार्टीवाले नवीन गाणं काढतात. कुणी पाखरावर, कुणी मोटारसायकलवर. आमच्या शहाण्याला सुचली टाकी. त्याने मोबाइल दोरीला बांधून टाकीच्या झाकणातून आत सोडला आणि मिथुनला खालून बांबूने ठोकायला लावलं. आतून जो आवाज आला, बूऊऊम, तो मला अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढताना ऐकू आला. एक पोर रडायला लागलं. सुनिलने तो आवाज कीबोर्डवर घेतला, ताणला, खाली-वर केला आणि त्यावर तारप्याच्या चालीचं गाणं बसवलं.

निळी निळी टाकी गो, काठोकाठ भरली,
टाकीखाली ये पोरी, घागर कशाला धरली?

मी म्हटलं, मेल्या, कुठली काठोकाठ? तो म्हणाला, बाय, 'रिकामी आहे, येऊ नको' असं गाणं कुणी नाचेल का? त्याचंही बरोबर होतं. त्या वर्षी तलासरीपासून डहाणूपर्यंत एक हळद अशी झाली नाही जिथे ती टाकी भरली नाही. बाजारात मला ओळख नसलेल्या बायका विचारायच्या, तू त्या टाकीवाल्या पाड्यातली ना? मी हो म्हणायचे. उगाच कशाला नाही म्हणा.

तलासरीकडच्याच एका हळदीत हर्षदा भेटली. ती उंबरगावला कंपनीत पॅकिंगमध्ये होती. नाचून दमली, पदराने वारा घेत कीबोर्डपाशी आली आणि विचारलं, तो पहिला आवाज टाकीच्या आतून घेतलास का? सुनिल हो म्हणाला. ती खूप हसली. एवढंच. आमच्या गड्याने त्या हसण्यावर तीन दिवस जेवण सोडलं. पुढे नंबर मिळाला, फोन सुरू झाले. फोन म्हणजे टाकीवर. कारखान्यातून आला की शिडी चढायचा, कडेला पाय सोडून बसायचा आणि बोलता बोलता टाचा टाकीवर आपटायचा. बूम, बूम. सगळ्या पाड्याला कळायचं की सुनिल बोलतोय. टाचा जोरात वाजल्या की भांडण, हळू वाजल्या की गोड चाललंय.

हसू नका, मला धाकधूक होती. त्याच्या आधी त्याची दोन ठिकाणी सोयरीक जुळत आली होती आणि दोन्ही पाण्यावरून मोडली. मुलीच्या आया येतात, घर बघत नाहीत, मुलगा बघत नाहीत, विहीर किती लांब ते बघतात आणि चहा पिऊन जातात. दुसरी मोडली तेव्हा त्याने वर्षभर कीबोर्डवरचं कापड काढलं नव्हतं. वाजवणारं माणूस गप्प बसलं की घर खायला उठतं. तसं पुन्हा मला बघायचं नव्हतं.

हर्षदाची आई बायजी. तिने निरोप पाठवला, रविवारी येते, आधी टाकी दाखवा. म्हणाली, माझी मान पाण्यापायी गेली, मुलीची जाऊ देणार नाही, गाण्यात आहे तशी टाकी असेल तर बोलू. सुनिलने फोनवर सांगून टाकलं, गाण्यात आहे तशीच आहे, मावशी. मी शिडीखालीच उभी होते. तो खाली उतरल्यावर मी त्याला जे बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही.

त्याची अक्कल अशी होती की टाकी भरायची. एका दिवसापुरती. नळातून पाणी येताना दिसलं की झालं. बांबूची घडवंची बांधू, हंडे दोरीने वर ओढू. मी म्हटलं, म्हणजे आम्ही विहिरीतून पाणी काढायचं, चढ चढून आणायचं, ते टाकीत चढवायचं, मग नळातून उतरवायचं आणि तेच डोक्यावर घेऊन घरी जायचं. तो म्हणाला, हो. इतक्या सरळ तोंडाने म्हणाला की मला त्याला मारताही येईना. बाबा कोपऱ्यात दुधी घासत होते. ते एवढंच म्हणाले की भरू नका, बिघडेल. टाकी फुटेल म्हणतात असं आम्हाला वाटलं.

बायका अर्थातच नाही म्हणाल्या. मीच पहिली. मग हिरी आजी बोलली. हिरी आजी पाड्यात सगळ्यांत म्हातारी, लग्नाची गाणी तिच्याशिवाय सुरू होत नाहीत. तिने सांगितलं, पोरगी एका घरात येत नाही, पाड्यात येते, तिचा मांडव आपण घालतो, तिचा भात आपण कांडतो, मग ही टाकी तेवढी सुनिलची एकट्याची कशी? शनिवारी सकाळी तेवीस जणी हंडे घेऊन उभ्या राहिल्या. सगळ्यांत पुढे मी, शिव्या देत.

अठ्ठावीस खेपा केल्या मी. बोटावर मोजल्यात. मिथुन आणि दोघं तिघं वरून दोरी ओढत होते, हंडा हिंदकळला की खाली उभी असलेली न्हाऊन निघायची. टाकी एका कोपऱ्यातून गळायला लागली तर सुनिलने कारखान्यातून आणलेले फुटके फुगे चिखलात मळून भेगेत कोंबले. दुपार कलली तोवर तळ झाकून वीतभर वर पाणी आलं. वीतभर! माझी मान बाजूला वळेना. तेव्हा मला त्या न पाहिलेल्या बायजीची पहिल्यांदा आठवण झाली आणि मला आमची लाज वाटली. ती मी कुणाला बोलले नाही, जेवले आणि झोपले.

रविवारी दहाच्या सुमारास मिथुन मायलेकींना गाडीतून घेऊन आला. बायजी खाली उतरली. काटक बाई, हिरवं लुगडं. मान खरंच गेलेली. बाजूला बघायचं तर अख्खी वळायची. तिने चहाला नको म्हटलं आणि सरळ टाकीकडे निघाली. अख्खा पाडा मागे. सुनिलने पांढरा शर्ट घातला होता आणि त्याला तो गळ्याशी घट्ट होत होता.

नळ त्यानेच उघडला. आधी नुसती हवा आली, नळ म्हाताऱ्यासारखा खोकला. मग लाल पाणी. मग एक बेडूक. एवढासा, पण जिवंत, टुणकन उडी मारून गेला. नऊ वर्षं तो तिथे कुणाची वाट बघत होता देव जाणे. आणि मग स्वच्छ धार लागली. बायजीने ओंजळ धरली, प्यायली, ओला हात मानेवर फिरवला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, चांगली जागा आहे. ती हे इतकं मनापासून म्हणाली की मला जमीन फाटावीशी वाटली.

इथे थांबला असता तर तो सुनिल कसला? त्याला वाटलं, आता गाणं पाहिजे. टाकीखाली कीबोर्ड मांडलेलाच होता, त्याने सुरू केलं. बूऊऊम. पोरं नाचायला लागली. हर्षदा मात्र नाचेना. ती टाकीकडे बघत होती. घडवंचीचा एक बांबू खाली पडला होता, तो तिने उचलला, टाकीखाली गेली आणि गाण्यातला आवाज यायच्या वेळी बरोबर तळाला ठोका दिला. स्पीकरमधून आलं बूऊऊम. टाकीतून आलं थप्. तिने पुन्हा ठोकलं. बूऊऊम. थप्. सुनिलची बोटं थांबली. बाबा मागून हळूच म्हणाले, सांगितलं होतं, बिघडेल.

हर्षदाने बांबू खाली ठेवला आणि शांतपणे विचारलं, "कधी भरलीत?"

सुनिलने तोंड उघडलं. तो आता काहीतरी थाप मारणार हे मला त्याच्या कानावरून कळतं, थाप मारताना त्याचे कान लाल होतात. आणि ती थाप त्या बाईच्या ओल्या मानेसमोर मला ऐकवली नसती.

"काल," मी म्हणाले. "आम्ही भरली. तेवीस जणींनी, विहिरीवरून. या टाकीत नऊ वर्षांत कालच्याआधी थेंब आलेला नाही. नळातून आलं ते पाणी आमच्या डोक्यावरून आलंय."

बायजी अख्खी वळली. आधी माझ्याकडे, मग एकेका बाईकडे. आमच्या माना बघत होती. शनिवारनंतर एकीचीही सरळ नव्हती. मग ती मुलीकडे वळली आणि म्हणाली, तुला माहीत होतं? हर्षदा म्हणाली, पहिल्या दिवसापासून. आपल्या पाड्यातली पिवळी टाकी अशीच वाजते, लहानपणी आम्ही त्यावर दगड मारायचो. भरलेली टाकी असा आवाज करत नाही, आई. आणि हा रोज फोनवर टाचा आपटतो, त्यातही ऐकू येतं.

"मग आलीस कशाला?" बायजीने विचारलं.

"तो कबूल करतो का ते बघायला," हर्षदा म्हणाली. "त्याने नाही केलं. त्याच्या बहिणीने केलं."

माझ्या भावाकडे मला बघवेना. तो कीबोर्डची वायर काढत होता, निघेना, ओढत होता. मग वायर हातात तशीच ठेवून बायजीसमोर आला आणि म्हणाला, मावशी, पाणी नाही. विहीर लांब आहे. चढ आहे. गाणं खोटं आहे. एवढं सांगून तो उभा राहिला. कान पांढरे होते.

बायजीने पदर कमरेला खोचला. मग तिने नळाखालचा माझा हंडा ओढला, नळ सोडला, भरू दिला. चुंबळ माझ्या हातातून घेतली, डोक्यावर ठेवली, त्या तसल्या मानेवर हंडा चढवला आणि घर कुठलं विचारलं. आम्ही चार जणी घ्यायला धावलो, तिने डोळ्यांनी थांबवलं. चिंचेखालून चालत गेली, बाबांच्या उंबऱ्याशी हंडा उतरवला. एक थेंब सांडला नाही.

"माझ्या घरातला हा शेवटचा हंडा," ती सुनिलला म्हणाली. "पोरगी देते. पाणी तू आणायचं."

सुनिल लगेच म्हणाला, कावडीने आणतो. आमच्याकडे पुरुष फार तर खांद्यावर कावड घेतात.

"डोक्यावर," बायजी म्हणाली.

तेवीस जणी ज्या हसल्या! हिरी आजी तर खाली बसली.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. हळदीला बायजीने अटच घातली होती की गाणं खरं म्हणायचं, म्हणून आता ते असं आहे, निळी निळी टाकी गो, ठणठण रिकामी. मला वाटलं होतं कुणी नाचणार नाही. पण तलासरीकडच्या पाड्यांत जास्तच नाचतात, कारण जिथे जाईल तिथे लोकांना वाटतं गाणं त्यांच्याच टाकीवर आहे. नाचून झालं की बायका येऊन विचारतात, तुमची निळी का? आमची हिरवी. आणि त्या गाण्यात बाबा तारपा फुंकतात. टाकी पुन्हा रिकामी झाली तेव्हा त्यांनी स्वतः तिला टिचकी मारून पाहिली आणि सुनिलला म्हणाले, कर सुरू.

सुनिल सकाळी साडेपाचला विहिरीवर येतो. चुंबळ करायला मी शिकवली. पहिले आठ दिवस त्याने पाड्यातली निम्मी वाट भिजवली आणि लोक मुद्दाम चहाचे कप घेऊन ओट्यावर बसायचे. हर्षदाही बसायची. आता बरं जमतं. परवा चढावर माझ्या पुढे होता, दोन हात सोडून चालत होता, दाखवत होता. मधेच थांबला आणि म्हणाला, बाय, हे तू किती वर्षं करतेयस गं?

मी म्हटलं, नऊ वर्षांची असल्यापासून. डोक्यावर हंडा असल्यामुळे त्याला वळून बघता येत नव्हतं, म्हणून माझे डोळे त्याला दिसले नाहीत ते एक बरं झालं. घरी पोचल्यावर त्याने आपला हंडा उतरवला, चिंच ओलांडून माझ्या दारात आला, माझ्या डोक्यावरचा हंडा घेतला आणि मिथुनला हाक मारली. मिथुन झोपेतून उठून बाहेर आला. सुनिलने त्याच्या हातात चुंबळ ठेवली.